थुंब्याहून मूळ आलं नाही

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

नवघर, भायंदर
४ मार्च १९६८

यजमानांच्या चरणी शेवंतीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं १९ फेब्रुवारीचं पत्र परवा मिळालं. बारा दिवस लागले. वहीच्या मागच्या पानावर मी तुमच्या पत्रांच्या तारखा मांडते, लिहिलं कधी आणि पोचलं कधी. थुंब्याहून एरवी नऊ दिवसांत येतं. ह्या वेळी पोस्टमन काळूरामनं ते मिठागराच्या कचेरीत ठेवलं आणि विसरला. मी त्याला म्हटलं, "काळूराम, रॉकेट पोचतं आणि तुझं पत्र पोचत नाही." तर म्हणतो, "वहिनी, राकेट खाली पडतं समुद्रात. पत्र तरी तुमच्या हातात पडलं."

मे महिन्यापासून दोन खोल्यांची जागा मिळेल असं तुम्ही लिहिलंत, ते आईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "एकला जीव, दोन खोल्यांत काय करल? एकीत निजल नि दुसरीत राकेट ठेवल?" हसल्या, मग सूप बाजूला ठेवलं. शेवटी म्हणाल्या, "तुला न्यायाचा इचार हाय त्याचा. लिव त्याला, मी बरी हाय. सुलू हाय बाजूला. माझं काय अडत न्हाय." त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. दाजीकाकांची सून सुलू खरंच दिवसातून चारदा डोकावते.

माझं विचाराल तर घर आहे, देव आहेत, पावसाआधी कौलं चाळायची आहेत. तुम्ही म्हणाल तसं.

एक विचारायचं होतं. उन्हाळ्यात तिकडून इकडे कोणी येणारं आहे का? तुम्हाला रजा नसेल तर दुसरं कोणी ओळखीचं, मराठी बोलणारं. असेल तर आधी कळवा, म्हणजे तयारीला बरं.

इथल्या बायका विचारतात, नवरा करतो तरी काय? मी सांगते, आकाशात बाण सोडतात तिथे ते दिव्यांच्या तारा ओढतात. कोणाचा विश्वास बसत नाही. कागद संपला, आडव्या बाजूला लिहिलं तर तुम्ही रागावता.

आपली,
शेवंती

*

थुंबा
१७ मार्च १९६८

सौ. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. काल संध्याकाळी इथून एक रॉकेट गेलं. सूर्य बुडाला की वर जाऊन ते एक वाफ सोडतं, आणि त्या वाफेचा ढग आभाळात नारिंगी रंगाचा होतो. शेंदरात तेल कालवल्यावर होतो तसा. वारा त्याला ओढत नेतो आणि साहेब लोक त्याचे फोटो काढून वरचा वारा कुठे जातो ते मोजतात. कोळी बायका किनाऱ्यावर उभ्या राहून बघत होत्या. तू असतीस तर हात जोडले असतेस.

चार वर्षांपूर्वी आलो तेव्हा चहाला दोन मैल चालावं लागे. आता फाटकाबाहेर तीन टपऱ्या आहेत. कोळ्यांची पोरं आमच्याकडे वायरिंग शिकतात. वर्कशॉप झालं आहे. मात्र जुन्या चर्चच्या इमारतीत अजून कचेरी आहे.

तिकडे कोणी येणारं नाही. काही पाठवायचं असेल तर पोस्टानं पाठव. सुके बोंबील दोनदा बांध. मागच्या वेळी पार्सलच्या मागे अख्ख्या त्रिवेंद्रमची मांजरं आली होती.

जागेचं म्हणशील तर तुला यावंसं वाटलं तरच. जबरदस्ती नाही. घर, देव, कौलं असं तू लिहिलंस. तुझा जीव तिथे आहे हे मला कळतं. तू हो म्हणालीस तर तिकीट पाठवीन.

पुंडलिक

*

नवघर, भायंदर
२ जून १९६८

साष्टांग नमस्कार.

बोंबील आणि तांदळाचे पापड पाठवले आहेत. तीनदा बांधले आहेत.

आईंचा गुडघा सुजला आहे. सुंठेचा लेप लावते. अशात मी कशी येणार? तिकिटाचे पैसे फुकट जाऊ नयेत.

तुमच्या चर्चबद्दल विचार येत राहतो. तिथला देव कुठे नेला? नेताना वाजतगाजत नेला, की नुसता उचलला? न्यायला कोण आलं होतं? एकादशीला पोथी वाचताना हेच डोक्यात. रागावू नका, पण जिथे दिवा लागत होता तिथे टंकयंत्र ठेवताना कोणीतरी आधी हात जोडले असतील.

शेवंती

*

थुंबा
११ जानेवारी १९७०

सौ. शेवंतीस आशीर्वाद.

गणपतीत घरी आलो तेव्हा सांगायचं राहिलं. दहा दिवस घरात इतकी माणसं, तू स्वयंपाकघरात, मी ओटीवर. बोरीबंदरला गाडीत बसल्यावर आठवलं.

माझी बदली होते आहे. आंध्रात श्रीहरिकोटा म्हणून बेट आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खारं सरोवर. तिथे मोठं केंद्र व्हायचं आहे, थुंब्याहून मोठं. अजून सगळं रान आहे. खांब रोवण्यापासून सुरुवात. खाऱ्या हवेत तारा गंजतात, म्हणून तशा हवेची सवय असलेला माणूस पाहिजे होता. मी मिठागराच्या गावचा. साहेब म्हणाले, तूच जा.

इथली जागा आता दुसऱ्याला देतील. तसंही तुला यायचं नव्हतं.

चर्चमधल्या देवाचं तू मागे विचारलं होतंस. जवळच नवीन चर्च बांधलं आहे. नेताना कोण आलं होतं ते माहीत नाही, मी यायच्या आधीची गोष्ट.

पुंडलिक

*

नवघर, भायंदर
२४ जानेवारी १९७०

साष्टांग नमस्कार.

बरं.

आई म्हणतात, खाऱ्या वाऱ्यात उघड्या अंगानं काम करू नकोस.

त्या दोन खोल्यांत आता कोण राहायला येणार? त्यांच्या घरात बाई आहे का? मोरीत उजेड आहे का, एवढं मला विचारायचं होतं. आता विचारून उपयोग नाही, तरी विचारते.

शेवंती

*

नवघर, भायंदर
९ डिसेंबर १९७१

साष्टांग नमस्कार.

तुम्ही पोचल्याची तार मिळाली.

आईंच्या तेराव्याला घरात सदतीस पानं उठली. चौदाव्या दिवशी तुम्ही निघालात आणि पंधराव्या दिवशी मी एकटीसाठी चूल पेटवली. हाताला सवय नाही, दोघींचा भात झाला. संध्याकाळी तोच ऊन करून खाल्ला.

लढाईमुळे इथे दिवे बंद ठेवायला सांगतात. खिडक्यांना काळा कागद चिकटवला आहे. काल तिन्हीसांजेला पहारा देणारी मुलं ओरडली, "बाई, उजेड दिसतो, विझवा!" तो नंदादीप होता. तुमच्या आजीच्या वेळेपासून तो विझलेला नाही. मी म्हटलं, विझवत नाही, झाकते. चपट्या तळाचं एक मडकं होतं, त्याला खाली भोकं पाडली आणि दिव्यावर उपडं घातलं. मग सगळ्या घरात काळोख आणि मडक्याखाली तो एवढासा. मी त्याच्याजवळच बसून राहिले. आई असत्या तर बोलल्या असत्या काहीतरी. "देवाला बुरखा घातलास व्हय?" असं.

तुमच्या आत्याबाई जाताना म्हणाल्या, "आता तुला इथे कोण? पुंडलिक घेऊन नाही गेला?" मी म्हटलं, त्यांना तातडीनं जायचं होतं.

तुम्ही दारातून वळून म्हणालात, "काळजी घे." मी घेते.

ऑक्टोबरात तिकडून पहिलं रॉकेट गेलं ते तुम्ही सांगितलंत तेव्हा माझं लक्ष नव्हतं. आई अंथरुणावर होत्या. आता पुन्हा लिहून पाठवा. सगळं लिहा, ढगाचा रंगसुद्धा.

शेवंती

*

श्रीहरिकोटा
१९ ऑगस्ट १९७३

सौ. शेवंतीस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. इथे आता ओळखू येणार नाही इतकं झालं आहे. रानातून पक्का रस्ता, कामगारांची बस, उपाहारगृह. मुलांसाठी शाळा काढायचं बोलणं चाललं आहे. मी रोवलेल्या खांबांवर आता वेलीसुद्धा चढल्या. घरं बांधायला घेतली आहेत, पुढच्या वर्षी कुटुंबवाल्यांना मिळतील.

पण मी बंगळूरला जातो आहे. पीण्या नावाच्या ठिकाणी कारखान्यांच्या शेड आहेत, वर पत्रा. तिथे आपला पहिला उपग्रह जुळवायचा आहे. स्वच्छ खोली करायची, एक कणसुद्धा धूळ नको, दिव्यांचं सगळं नव्यानं. एक भाग एका शहरातून येतो, दुसरा दुसरीकडून. आजूबाजूच्या बारक्या लेथवाल्यांना कामं मिळतात. थुंब्यात शिकलेली दोन कोळी पोरं तिथे आता मिस्त्री आहेत. माझ्यापेक्षा जास्त पगार घेतात, आणि मला "आशान" म्हणतात, म्हणजे गुरुजी.

गावं अशी उभी राहताना बघायला बरं वाटतं. आपण सुरुवातीला असतो, एवढंच.

तू कशी आहेस? भायंदरात वीज आली असेल सगळीकडे. एकटीनं विहिरीवर जाऊ नकोस.

पुंडलिक

*

नवघर, भायंदर
१५ डिसेंबर १९७४

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिली दोन चुलीत गेली. कागद फुकट घालवणारी मी नव्हे हे तुम्हाला माहीत आहे, त्यावरून काय ते समजा.

मंगळवारी तुमच्याबरोबर काम करणारे महिपत आले होते. रत्नागिरीला घरी चालले होते, वाट वाकडी करून तुम्ही दिलेला चंदनाचा साबण द्यायला आले. चांगला माणूस. पोहे केले, दोन बशा खाल्ले. मी विचारलं, "ह्यांचीच बदली सारखी का होते हो? जागा तयार झाली की हे पुढच्या गावाला. साहेबांचा काही राग आहे का?"

ते हसायलाच लागले. "राग? अहो वहिनी, पुंडलिकदादा म्हणजे आमचं पायलट इंजिन, सगळ्या गाडीच्या पुढे! नवीन जागा म्हटली की ह्याचा हात वर. श्रीहरिकोट्याला कोण जाणार? ह्याचा हात. पीण्याला? हात. साहेब म्हणाले, अरे थांब, मला वाक्य तरी पुरं करू दे!"

मी म्हटलं, "घर मिळत असताना?"

तर बशी खाली ठेवून म्हणाले, "घराची गोष्ट निघाली, की ह्याचा पाय निघालाच. आम्ही थट्टा करतो, दादा घराला घाबरतो म्हणून." मग त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. पाणी मागितलं. गेले.

तेव्हा आता मला सांगा. तुम्ही मला टाळत होता का? दुसरं कोणी आहे का, हे मी विचारत नाही. विचारलं असं समजलात तरी चालेल.

दुसरं एक लिहिते, जे सहा वर्षं लिहिलं नाही. थुंब्याची जागा मिळणार होती तेव्हा मी ट्रंक भरली होती. वर तुमच्या आईंनी नारळ ठेवला होता. मी तुम्हाला विचारलं होतं, तिकडून कोणी येणारं आहे का. तुम्ही लिहिलंत, बोंबील पोस्टानं पाठव.

अहो, मी न्यायला कोण येतं ते विचारत होते. आमच्या रेवदंड्याला लग्न झालेली मुलगी आपल्या पायानं नवऱ्याच्या दारात जाऊन उभी राहत नाही. मूळ यावं लागतं. नवरा येईल, दीर येईल, पाठवलेला गडी येईल, पण कोणीतरी दारात येऊन म्हणायला हवं, न्यायला आलोय. माझ्या आत्याला तिच्या नवऱ्यानं बडोद्याहून नुसते मनिऑर्डरनं पैसे पाठवले, ये म्हणून. ती चार वर्षं आमच्याकडे राहिली. पैसे तसेच परत केले. आजोबा म्हणाले, पोरीला बोलावणं आलंय, न्यायला कोणी आलेलं नाही.

मॅट्रिक झाले तरी मी त्याच घरातली. "यावंसं वाटलं तर ये" हे मला कळत नाही. यावंसं वाटतं असं बाईनं कसं लिहायचं? मग मी कौलं लिहिली. आईंचा गुडघा लिहिला. तो गुडघा आठ दिवसांत उतरला होता.

आईंच्या तेराव्यानंतर तुम्ही दारात होतात. प्रत्यक्ष दारात. तेवढं एक वाक्य म्हणायचं होतं. तुम्ही "काळजी घे" म्हणालात.

मला आता पस्तिसावं चालू आहे. घरात मी एकटी मोठ्यानं पोथी वाचते ती देवासाठी की आवाज व्हावा म्हणून, मला सांगता येत नाही. त्याची क्षमा मी रोज मागते.

उत्तर द्या. बदली झाली असेल तर नवीन पत्ता आधी लिहा.

शेवंती

*

पीण्या, बंगळूर
५ जानेवारी १९७५

सौ. शेवंतीस.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आज रविवार. सहा दिवस खिशात घेऊन फिरलो.

महिपत म्हणाला ते खरं आहे. हात मीच वर केला. तिन्ही वेळा नाही, दोनदा. थुंब्याला आलो तेव्हा नोकरी हवी होती.

दुसरं कोणी नाही. एकवीरेची शपथ.

मी तुझी पत्रं वाचायचो. त्यात घर असायचं, आई, देव, सुलू, कौलं. मी कधी नसायचो. मला वाटलं, शिकलेल्या मुलीला आमच्या आईनं वायरमनच्या गळ्यात बांधलं, आता तिनं आपलं एक घर तिथे मांडून घेतलंय, ते मोडू नये. घर मिळणार असं इथे कळलं की पुन्हा विचारावं लागणार, आणि तू पुन्हा कौलं लिहिणार. एकदा "नाही" ऐकलं होतं. दुसऱ्यांदा ऐकायच्या आधी मी गाव बदललं. नवीन गावात घर नसतंच, तर विचारायलाही नको. लोकांना वाटायचं, पुंडलिक हिंमतवाला.

ह्या मुळाचं मला माहीतच नव्हतं. आपलं सोडलं तर आमच्या नवघरात लग्नं सगळी हाकेच्या अंतरावर. मीरा, पेणकरपाडा, फार तर राई. बायको माहेरी गेली तर पाणी भरायच्या वेळेला आपली परत येते. तिला कोण न्यायला जाणार? आईला माहीत असणार, तिनं नारळ ठेवला म्हणजे. पण तिनं मला कळवलं नाही. तिलाही वाटलं असेल, पोराला कळतं.

लेखाजोखा तू चांगला ठेवतेस. सहा वर्षं कोणाच्या नावावर टाकायची ते तूच ठरव.

उपग्रह थोड्या दिवसांत रशियाला जाईल, तिथून उडणार. तोवर रजा नाही. तो गेला की मी येतो.

न्यायला येतो.

पुंडलिक

*

यशवंतपूर, बंगळूर
१२ जून १९७५

साष्टांग नमस्कार.

पत्ता लिहिलेला नाही, तिकीट लावलेलं नाही. तुम्ही सकाळच्या पाळीला गेलात, मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हे लिहिते आहे. तुमच्या ताटाखाली ठेवीन.

मला इथे येऊन आज एकतीस दिवस झाले. तुम्ही रीतीनं आलात, नारळ आणलात, साडी-चोळी आणलीत. दाजीकाका म्हणाले, "मुळाला वाजंत्री नाय? मी तोंडानं वाजवतो," आणि खरंच वाजवलं, सगळी वाडी हसली. सुलू रडली. नंदादीपाची वात मी तिच्या घरच्या दिव्याला लावून दिली. सगळं झालं. मला काही म्हणायला जागा नाही.

पण गाडीत दोन दिवस तुम्ही मला स्टेशनांची नावं सांगितलीत. ती पाट्यांवर लिहिलेली होती.

इथे आपण काय बोलतो ते मी काल मनात मोजून पाहिलं. चहा ठेवू? ठेव. भात? बस. मीठ बरोबर आहे का? आहे. निघतो. बरं. शेजारच्या बाईला माझी भाषा येत नाही, मला तिची. ती आणि मी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त बोलतो. परवा तिनं मला हातवाऱ्यांनी सगळं बाळंतपण सांगितलं.

तुम्ही वाईट नाही. संध्याकाळी येता, हातपाय धुता, माझ्यासाठी मोरीत जास्तीचा दिवा लावलात, तोही न सांगता. मग खुर्चीत बसता आणि माझ्याकडे असं बघता जणू मी ओटीवर आलेली पाहुणी आहे, आणि चहा दिला की उठेन. मीही पदर सावरून बसते. मला वाटायचं, भायंदरात मी एकटी आहे ते घर रिकामं आहे म्हणून.

तुम्ही मला पत्रातून नारिंगी ढग दाखवलात. तसं लिहिणारा माणूस ह्या घरात कुठे असतो, मी शोधते. तुम्हीही बहुतेक चुलीत दोन पत्रं घालणारी बाई शोधत असाल. ती मीच आहे. समोर आल्यावर तोंड उघडत नाही, एवढंच.

रविवारी तुम्ही पाठमोरे बसून लिहीत होतात. मी आले तर हातानं झाकलंत. मनात वाईट आलं, खोटं का बोलू. आज तुमचा खाकी शर्ट धुवायला घेतला, खिशात घडी केलेला कागद निघाला. वाचायला नको होतं. वाचला. वर रविवारची तारीख होती, खाली 'सौ. शेवंतीस अनेक आशीर्वाद', आणि त्याखाली लिहून खोडलेल्या चार ओळी.

मी मोरीत खाली बसले. बराच वेळ नळ तसाच चालू राहिला. पाणी वाया गेलं.

त्या खोडलेल्या ओळी वाचायचा मी प्रयत्नही केला नाही. कागद पुन्हा घडी करून फळीवर देवांजवळ ठेवला आहे. आज आलात की तो घेऊ नका. ह्या पत्राचं उत्तरही लिहू नका. मी स्टोव्ह बंद करून समोर बसेन, हातात काम घेणार नाही. त्यात जे लिहिणार होतात ते तोंडानं सांगा. अडलात तर थांबा आणि पुन्हा सुरू करा. मी मध्येच भात वाढू का असं विचारणार नाही.

शेवंती